डिजिटल पुरावा शिकताना या चुका टाळा

पुण्यात कायदा किंवा न्यायवैद्यक शिकणारी मुलं हॅशची, म्हणजे डेटावरून काढलेल्या ठशासारख्या ओळख-कोडाची, व्याख्या तोंडपाठ म्हणतात आणि प्रात्यक्षिकाला जप्तीतला पेन ड्राइव्ह सरळ लॅपटॉपला लावतात. नुसतं ‘आत काय आहे’ बघायला! तेवढ्यात विंडोज त्यावर काहीबाही लिहून मोकळं होऊ शकतं आणि मूळ हॅश गेला तो गेलाच. आधी राइट ब्लॉकर (ड्राइव्हवर काही लिहू न देणारं उपकरण), मग पूर्ण इमेज (ड्राइव्हची हुबेहूब प्रत), मग मूळ आणि इमेज दोन्हींचे हॅश जुळवायचे. तपासणी फक्त प्रतीवर.

एसएसडीचं, म्हणजे चिपवर डेटा साठवणाऱ्या ड्राइव्हचं, दुखणं वेगळं. वीज मिळाली की तिचा कंट्रोलर पुसलेल्या फाइलींची जागा आतल्या आत साफ करू शकतो. राइट ब्लॉकर तिथं हात टेकतो. तेव्हा हॅश बदलला म्हणून लगेच छेडछाडीचा शिक्का मारू नका.

चालू मोबाइल बंद करणं ही नेहमीची चूक. पुन्हा सुरू केल्यावर पासकोडशिवाय बहुतेक डेटा कुलूपबंद राहतो. विमान मोड लावा, वाय-फाय आणि ब्लूटूथ वेगळे तपासा, सिग्नल अडवणाऱ्या फॅराडे पिशवीत टाका. पिशवीत फोन नेटवर्क शोधत बॅटरी खातो, म्हणून पॉवर बँकही आतच ठेवा. बंद सापडलेला फोन मात्र बंदच राहू द्या.

सर्वांत जास्त गोंधळ सीसीटीव्हीत. समजा, सदाशिव पेठेतल्या दुकानाच्या डीव्हीआरवर (कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या यंत्रावर) ८:४० वाजलेत आणि खरी वेळ ८:५२ आहे. म्हणजे डीव्हीआर १२ मिनिटं मागे. १०:१५ ची घटना त्यात १०:०३ ला सापडेल. दोन्ही घड्याळं एकाच फोटोत घ्या, फरक पंचनाम्यात लिहा, डीव्हीआरचं घड्याळ दुरुस्त करायला जाऊ नका. आणि उशीर नको: डिस्क भरली की जुन्यावर नवं चढतं.

जुन्या नोट्समधलं, आधीच्या पुरावा कायद्यातलं कलम ६५-ब पाठ करणाऱ्यांनी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ काढावं. डिजिटल पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्राचे आता दोन भाग: ‘अ’ पुरावा देणाऱ्याचा, ‘ब’ तज्ज्ञाचा. दोन्हींत हॅश आणि त्याची पद्धत नोंदवायची असते. एसएचए-२५६ या पद्धतीचा हॅश ६४ अक्षरी असतो. तो हातानं उतरवू नका, ‘बी’चा आठ व्हायला वेळ लागत नाही.