पुण्यात राहून समुद्रातल्या शेवाळाचा अभ्यास करायचाय?

लग्नकार्यात कुणीतरी विचारतंच, "पुण्यात कुठला आलाय समुद्र?" खरंय, नाही. पण शेवाळ आहे, आणि या क्षेत्रात येणाऱ्याने आधी शेवाळ ओळखायला शिकावं असं माझं ठाम मत आहे. जहाज, उपग्रह, पेपर हे सगळं नंतर.

पृथ्वीवरच्या प्रकाशसंश्लेषणाचा जवळपास निम्मा वाटा फायटोप्लँक्टनचा, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म शेवाळाचा. त्यातल्या मोजक्याच जाती उपद्रवी. नॉक्टिल्युका घ्या. हिवाळ्याच्या अखेरीस उत्तर अरबी समुद्रात तिचे हिरवे पट्टे पसरतात, कोकणात रात्री लाटा निळ्या चमकल्या की व्हिडिओ फिरायला लागतात. ती विष तयार करत नाही. पण मोठा ब्लूम, म्हणजे एकदम वाढलेला थर, कुजला की पाण्यातला ऑक्सिजन घटतो, अमोनिया वाढतो, मासे मरतात. अलेक्झांड्रियम या दुसऱ्या सूक्ष्म शेवाळाचं नेमकं उलट. लिटरमागे काही शे पेशी असल्या तरी शिंपल्यांत विष साठू शकतं आणि पाण्याचा रंग बदललेलाही नसतो. 1987 मध्ये कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटावरचे शिंपले खाऊन शंभरावर लोक आजारी पडले, काही दगावले, काहींची स्मृती गेली. त्यामागे होतं स्यूडोनिट्शिया नावाचं डायटम, म्हणजे काचेसारखं कवच असलेलं सूक्ष्म शेवाळ. म्हणून 'पेशी किती' याआधी 'कोणत्या' हे कळावं लागतं, आणि ते डोळ्यांनाच शिकवावं लागतं.

सराव घरबसल्या नाही, पण पुण्यात नक्की होतो. पाषाणच्या तलावातून बाटलीभर पाणी घ्या, त्यात लुगॉल्स आयोडीन (नमुना टिकवणारं द्रावण) थेंब थेंब घाला. रंग फिक्या चहासारखा झाला की थांबा. जास्त घातलं तर पेशी इतक्या गडद होतात की आतलं काही दिसत नाही, आणि हे द्रावण आम्लधर्मी असेल तर कॉकोलिथोफोर या समुद्री शेवाळाची चुन्याची कवचं विरघळून जातात. मग नमुना दिवसभर न हलवता निवळू द्यायचा. सेजविक-राफ्टर ही मोजणीची स्लाइड भरताना वरची झाकणकाच तिरपी ठेवायची, एका कोपऱ्यातून पिपेटने एक मिली सोडायचं. काच आपसूक सरकून सरळ बसते आणि बुडबुडा अडकत नाही. मग हातात काउंटर, डोळा मायक्रोस्कोपच्या आयपीसला, आणि मोजणी. कंटाळा येतो. ज्याला हा कंटाळा सोसवत नाही त्याने दुसरी वाट धरावी, त्यात कमीपणा काही नाही.

डायटमची गोडी लागली तर आगरकर रस्त्यावर आघारकर संशोधन संस्था आहे. डायटमच्या वर्गीकरणाचं काम तिथे चालतं. आकडेमोड आणि मॉडेलिंगकडे ओढा असेल तर पाषाणची उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था, समुद्र आणि मान्सून दोन्हींसाठी. बीएस्सी बॉटनीची असली तरी अडत नाही. पुढे गोवा विद्यापीठ, कोचीन विद्यापीठ किंवा रत्नागिरीचं मत्स्य महाविद्यालय बघा. पीएचडीसाठी सहसा नेट ही परीक्षा द्यावी लागते. त्यातून जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर महिना 37,000 रुपये अधिक घरभाडं. त्यानंतर बरीच वर्षं प्रोजेक्टच्या कंत्राटावर जातात, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि हैदराबादचं इन्कॉइस (समुद्राची माहिती देणारं सरकारी केंद्र) ही कामाची मोठी ठिकाणं.

आजकाल प्रत्येकाला थेट उपग्रहावर उडी मारायची असते. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये गेलेल्या ओशनसॅट-3 या भारतीय उपग्रहावरचा कॅमेरा समुद्राचा रंग प्रकाशाच्या 13 पट्ट्यांत टिपतो. काम भारी आहे, मीही करते. पण त्यातून क्लोरोफिलचा अंदाज येतो, विषाचा नाही. शिवाय पावसाळ्यात ढगांनी सगळं झाकलं की कोकण किनाऱ्याचे आठवडेच्या आठवडे कोरे जातात.

आणि एक काम कुठल्याच अभ्यासक्रमात नसतं: लोकांना उत्तरं देणं. मुळा-मुठेचं पाणी भीमेतून उजनीत जातं. उन्हाळ्यात धरणाचं पाणी हिरवं झाल्याची बातमी आली की सोसायटीच्या ग्रुपवर विचारणा सुरू होते, "उकळून प्यायलं तर चालेल ना?" ते हिरवं जर मायक्रोसिस्टिस नावाचं विषारी निळं-हिरवं शेवाळ असेल तर नाही. त्याचं विष उकळून नष्ट होत नाही. उलट पेशी फुटून ते पाण्यात जास्तच उतरतं.