अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतली कॉम्प्युटर अकाउंट्स: डिलीट करायची घाई नको

अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी म्हणजे कंपनीतल्या युजर आणि मशीनची मायक्रोसॉफ्टची मध्यवर्ती नोंदवही, आणि ती सांभाळते ते नेटवर्क म्हणजे डोमेन. डोमेनला जोडलेल्या प्रत्येक मशीनचं स्वतःचं अकाउंट असतं, नावाच्या शेवटी डॉलरचं चिन्ह असलेलं, आणि त्याला पासवर्डपण असतो, हे बऱ्याच नवीन अ‍ॅडमिन पोरांना कुणी सांगितलेलंच नसतं. हा पासवर्ड मशीन स्वतःहून दर 30 दिवसांनी बदलतं, डोमेन कंट्रोलर (ही डिरेक्टरी चालवणारा सर्व्हर) त्याच्या मागे लागत नाही. म्हणून लॅपटॉप चार महिने कपाटात पडला तरी चालू केल्यावर जुन्याच पासवर्डने नीट आत येतो. बिघडतं कधी, तर व्हर्च्युअल मशीन जुन्या स्नॅपशॉटवर (आधी जतन केलेल्या स्थितीवर) नेलं किंवा त्याच नावाने कुणी दुसरं मशीन जोडलं की. मशीनकडे एक पासवर्ड, डिरेक्टरीत दुसरा, आणि लॉगिन करताना ट्रस्ट रिलेशनशिप फेल झाल्याचा मेसेज.

असं झालं की बरेच जण मशीन डोमेनमधून काढून वर्कग्रुपमध्ये टाकतात, रीस्टार्ट, परत डोमेनमध्ये, परत रीस्टार्ट. एवढं करायची गरज नसते हो. लोकल अ‍ॅडमिनने लॉगिन करा, पॉवरशेल अ‍ॅडमिन म्हणून उघडा आणि टेस्ट-कॉम्प्युटरसिक्युअरचॅनल ही कमांड रिपेअर पर्यायासोबत चालवा, क्रेडेन्शियलमध्ये त्या अकाउंटवर हक्क असलेला डोमेन युजर द्या. ट्रू आलं की झालं. आधी घड्याळ मात्र बघा, 5 मिनिटांपेक्षा जास्त फरक असेल तर कर्बेरॉस (डोमेनमध्ये ओळख तपासणारी पद्धत) तसंही आत घेत नाही.

नवीन मशीन जोडताना अकाउंट आधीच योग्य ओयूमध्ये (ऑर्गनायझेशनल युनिट, डिरेक्टरीतलं फोल्डरच समजा) बनवून ठेवा, नाव 15 अक्षरांच्या आत. नाहीतर ते कॉम्प्युटर्स नावाच्या कंटेनरमध्ये जाऊन पडतं आणि त्या कंटेनरला ग्रुप पॉलिसी (मशीनना एकदम लागू होणारी सेटिंग्ज) लिंकच करता येत नाही. अजून एक, डिफॉल्ट सेटिंगमध्ये कुठलाही साधा युजर 10 मशीन डोमेनला जोडू शकतो. हा कोटा शून्य करा, आजच करा.

आता साफसफाई, आणि इथेच माझा हात पोळलाय. जुन्या नोकरीत यादी काढली, 90 दिवस लॉगिन नसलेली मशीन निवडली आणि सरळ डिलीट. एका लॅपटॉपला विचारलं होतं, या ऑब्जेक्टच्या आत अजून ऑब्जेक्ट आहेत, तेपण काढू का, मी यस दाबलं. ती बिटलॉकरची, म्हणजे डिस्क एनक्रिप्ट करणाऱ्या विंडोज फीचरची, रिकव्हरी की होती. बाळंतपणाच्या रजेवरून आलेल्या ताईंनी लॅपटॉप उघडला तर निळा स्क्रीन 48 आकडे मागतोय आणि ते आमच्याकडे कुठेच नाहीत, त्यांचं सगळं काम गेलं. त्यांचा चेहरा अजून आठवतो.

म्हणून आधी डिसेबल करा, वेगळ्या ओयूत हलवा, डिस्क्रिप्शनमध्ये तारीख आणि कारण लिहा, एखाद-दोन महिने थांबा, रजेवरच्या लोकांची यादी एचआरकडून घ्या. शेवटच्या लॉगिनचा जो टाइमस्टॅम्प सगळ्या कंट्रोलरवर जातो तो 14 दिवसांपर्यंत मागे असू शकतो, त्यामुळे काठावरच्या मशीनना सोडून द्या. डिलीट करण्याआधी बिटलॉकर रिकव्हरी टॅब उघडून बघा, रिकव्हरी की असेल तर सुरक्षित जागी उतरवून घ्या. आणि अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीचा रिसायकल बिन चालू आहे का ते तपासा, तो आपोआप चालू नसतो. त्यातून परत आणताना आधी कॉम्प्युटर आणि मग त्याच्या आतली की वेगळी रिस्टोअर करावी लागते, नुसतं कॉम्प्युटर परत आणलं तर आत काहीच नसतं.