टेन्शन आलंय, पण इंग्रजीत नेमकं कुठलं?

पेपरच्या आदल्या दिवशी सांगलीतल्या कुठल्याही अभ्यासिकेत डोकावा, दोन शब्द हमखास कानावर पडतात: ‘टेन्शन’ आणि ‘नर्व्हस’. मराठी बोलताना तेवढ्यावर भागतं. पण पेपरात ‘रिलॅक्स्ड’चा विरुद्धार्थी शब्द आला, किंवा मुलाखतीत ‘हाऊ आर यू फीलिंग?’ असं विचारलं, की गाडी अडते. गाइडमध्ये दहा-बारा शब्दांची रांग असते आणि सगळ्यांपुढे ‘चिंताग्रस्त’ एवढाच अर्थ. ती रांग पाठ करण्यात वेळ घालवू नका. पर्यायांत त्यातलेच दोन शब्द शेजारी-शेजारी आले की पाठांतर काही कामाला येत नाही.

‘रिलॅक्स’च्या पोटात लॅटिनमधला ‘सैल’ या अर्थाचा शब्द आहे. म्हणजे त्याच्या उलट काय, तर ताणलेलं. हे डोळ्यांनी बघायचं तर मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोरा लावताना बघावं. खुंटी पिळली की तार ताणली जाते आणि स्वर चढतो; सैल सोडली की उतरतो; उरलेला केसाएवढा फरक खाली तारेत ओवलेला मणी सरकवून काढतात. ‘टेन्स’ म्हणजे ही पिळलेली तार. आपला ‘ताण’ संस्कृत ‘तन्’ धातूतून आला, ‘टेन्स’ लॅटिनमधून, आणि फार मागे गेलं तर दोघांचं मूळ एकच निघतं. व्याकरणातला ‘टेन्स’ मात्र वेगळा. तो काळ या अर्थाच्या लॅटिन शब्दातून आलाय, स्पेलिंग सारखं झालं इतकंच. ‘हायली स्ट्रंग’ म्हणजे ज्याच्या तारा मुळातच चढ्या लावल्यात असा माणूस. हा स्वभाव झाला. उद्या पेपर आहे म्हणून आज कुणी हायली स्ट्रंग होत नाही.

आता आपल्याकडची सगळ्यात मोठी चूक. ‘आय ॲम टेन्स्ड’ असं सर्रास बोललं जातं, कारण ‘टायर्ड’, ‘वरीड’, ‘स्ट्रेस्ड’ या सगळ्यांना शेवटी ‘ड’ आहे. पण ‘टेन्स’ हे स्वतःच विशेषण आहे, त्याला शेपूट लागत नाही. ‘आय ॲम टेन्स’ बरोबर. ‘टेन्स्ड’ क्रियापद म्हणून येतं: ‘हिज शोल्डर्स टेन्स्ड’, म्हणजे त्याचे खांदे आखडले. ‘डोन्ट टेक टेन्शन’ भारतात सगळ्यांना कळतं, पण लेखी उत्तरात ‘डोन्ट वरी’ लिहा. आणखी एक: ‘टेन्स’ माणसासारखाच प्रसंगालाही लागतो. शेवटच्या षटकापर्यंत गेलेली मॅच टेन्स असते, घरातली शांतता टेन्स असते.

‘नर्व्हस’ची गोष्ट याहून फसवी. मराठीत ‘पेपर अवघड गेला, म्हणून तो नर्व्हस आहे’ असं आपण म्हणतो आणि अर्थ असतो हिरमुसलाय, खचलाय. इंग्रजीत ‘नर्व्हस’ची नजर पुढे असते: जे व्हायचंय त्याची धाकधूक. पेपर होऊन गेला की माणूस ‘अपसेट’ किंवा ‘डिसअपॉइंटेड’ असतो, ‘नर्व्हस’ नाही. निकाल लागायचाय म्हणून पोटात गोळा असेल, तर मात्र चालेल. निबंधात हा शब्द आला की स्वतःला विचारा: घटना झालीय की व्हायचीय?

‘अँक्शस’ ही त्याहून खोल आणि लांबणारी काळजी. मूळ लॅटिन क्रियापद गळा आवळणं या अर्थाचं आहे. जीव टांगणीला लागला की घसा दाटतो, तो हाच. उच्चारात इथे हटकून घोटाळा होतो: विशेषण ‘अँक्शस’, पण नाम ‘अँग्झायटी’. पुढचा शब्द बदलला की अर्थही फिरतो. ‘अँक्शस अबाउट’ म्हणजे एखाद्या गोष्टीची काळजी, पण ‘अँक्शस टू’ म्हणजे काही करायला उतावीळ. ‘शी इज अँक्शस टू जॉइन’ याचा अर्थ ‘तिला रुजू व्हायची भीती वाटते’ असा केला, की उतारा उलटा वाचला. ‘अँग्झायटी डिसऑर्डर’ हे वैद्यकीय निदान आहे, पेपरच्या धाकधुकीला ते नाव लावू नका.

बाकीचे भराभर. ‘रेस्टलेस’ म्हणजे चुळबुळ, एका जागी बूड न टिकणं. ‘जिटरी’ म्हणजे हातपाय थरथरणं, लागोपाठ चार कप चहा झाल्यावर होतं तसं. ‘ऑन एज’ असलेला माणूस दार वाजलं तरी दचकतो आणि विनाकारण खेकसतो. ‘अनइझी’ सौम्य आहे, काहीतरी खटकतंय एवढंच. ‘अपटाइट’ म्हणजे उगाच ताठरलेला; शब्द बोलीतला आणि टीकेचा. मुलाखत घेणाऱ्याबद्दल बाहेर कट्ट्यावर बोलायला ठीक, आत नको. ‘ॲजिटेटेड’ म्हणजे आतली खळबळ बाहेर दिसणं. ‘ॲजिटेशन’ म्हणजे मोर्चा एवढंच ठाऊक असलेले इथे चुकतात. ‘ऑन टेंटरहूक्स’ हा वाक्प्रचार कापडाच्या धंद्यातला. ओलं लोकरी कापड आटू नये म्हणून चौकटीवर आकड्यांनी ताणून वाळवत, त्या आकड्यांना टेंटरहूक्स म्हणत. कापडावर प्रक्रिया करणाऱ्या प्रोसेस हाऊसमधलं ‘स्टेंटर’ मशीन त्याच घराण्यातलं. ‘ऑन टेंटरहूक्स’ म्हणजे निकालाची वाट बघताना जिवाची होते ती अवस्था. ‘टेंडरहूक्स’ असं म्हणू नका, निविदेचा इथे संबंध नाही.

विरुद्धार्थी विचारताना वाक्य दिलं असेल, तर आधी ‘रिलॅक्स्ड’ कशाला लागलाय ते बघा. स्नायू असतील तर ‘टेन्स’. नियम असतील तर ‘स्ट्रिक्ट’. पकड असेल तर ‘टाइट’. वागणं असेल तर ‘स्टिफ’ किंवा ‘फॉर्मल’. माणसाचं मन असेल तरच ‘अँक्शस’, ‘नर्व्हस’ वगैरे. घाईत नियमांच्या वाक्यावर ‘टेन्स’ची खूण करणारे बरेच असतात. एसएससी सीजीएल या केंद्र सरकारी नोकऱ्यांच्या परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात इंग्रजीचे 25 प्रश्न असतात, प्रत्येकी 2 गुण, आणि चुकलं की अर्धा गुण कापला जातो. ‘काम’ (calm, शांत), ‘कंपोज्ड’ हे समानार्थीही पर्यायांत मुद्दाम पेरलेले असतात. प्रश्नात ‘सिनॉनिम’ आहे की ‘अँटोनिम’, त्याखाली पेन्सिलीनं रेघ मारायची सवय लावा. संगणकावर पेपर असेल तर तो शब्द कच्च्या कागदावर लिहून घ्या.

वही करायची तर दिवसाला तीनच शब्द घ्या. प्रत्येकापुढे चार गोष्टी: मराठीतला नेमका शब्द, त्याला लागणारं शब्दयोगी, तो माणसाला लागतो की प्रसंगाला, आणि तुमच्या रोजच्या जगण्यातलं एक वाक्य. स्वारगेटची एसटी चुकण्याची धास्ती चालेल, गाइडमधला जॉन नको. चौथ्या दिवशी मराठी रकाना उघडा ठेवून बाकीचे झाका आणि मोठ्यानं बोला. मनातल्या मनात वाचलेलं ‘अँग्झायटी’ ऐन वेळी तोंडात अडकतं.

साताऱ्याकडून एसएसबीला, म्हणजे सैन्यातल्या अधिकारी निवडीच्या मुलाखतीला, जाणारी पोरं बरीच. तिथे ‘आर यू नर्व्हस?’ म्हटल्यावर ‘नो सर’ असं ठोकून देण्याची घाई नको. कपाळावरचा घाम समोर दिसत असतो. ‘अ लिटल, सर’ म्हणा आणि पुढच्या प्रश्नाकडे बघा. ‘अ लिटल’मधला ‘अ’ मात्र खाऊ नका. नुसतं ‘लिटल’ म्हटलं तर ‘जवळजवळ नाहीच’ असा अर्थ होतो.