टेस्टोस्टेरॉनचं वेळापत्रक बदलण्याआधी

टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) औषध म्हणून घेत असाल तर आधी पाकीट समोर ठेवून औषधाचं नाव, मिलिग्रॅम आणि शेवटच्या डोसची तारीख वहीत उतरवा. ‘हार्मोनचं इंजेक्शन’ एवढं सांगून डॉक्टरांना काहीच कळत नाही. टेस्टोस्टेरॉनच्या एनान्थेट या प्रकाराचं २५० मिलिग्रॅमचं इंजेक्शन साधारण २ ते ४ आठवड्यांनी असतं. अनडेकॅनोएट या दुसऱ्या प्रकाराचं १००० मिलिग्रॅमचं इंजेक्शन म्हणजे ४ मिलिलिटर तेल. त्याचा दुसरा डोस ६ आठवड्यांनी आणि पुढचे १० ते १४ आठवड्यांनी. कातडीला लावायचं जेल मात्र रोज सकाळी.

मग रक्ततपासणीची तारीख, आणि घोटाळा बहुतेकदा इथेच होतो. एनान्थेटवर असाल तर दोन इंजेक्शनांच्या बरोबर मधल्या दिवशी रक्त द्या, अनडेकॅनोएटवर असाल तर पुढच्या इंजेक्शनच्या अगदी आधी, जेलवर असाल तर लावल्यावर २ ते ८ तासांत. सुई घेऊन तिसऱ्याच दिवशी लॅबमध्ये गेलात तर आकडा चढाच येणार. तो बघून डोस कमी झाला की पुढच्या सुईआधीच्या शेवटच्या आठवड्यातला थकवा आणखी वाढतो. एनान्थेटच्या मधल्या दिवशी पातळी ३५० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली किंवा ६००च्या वर असेल तर डॉक्टर डोस किंवा अंतर बदलतात. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर ते डॉक्टरांना विचारून दोन-तीन दिवस आधी थांबवा. काही मशिनांवर त्यामुळे टेस्टोस्टेरॉन खोटं जास्त दिसतं. त्याच नमुन्यात हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, मागून घ्या. ते ५४ टक्क्यांच्या वर गेलं तर उपचार थांबवून कारण शोधावं लागतं. एप्रिल-मेच्या घामात पाणी कमी पडलं तरी तो आकडा वर सरकतो, म्हणून रक्त देण्याआधी पाणी पोटभर प्या.

इतर गोळ्यांची चिठ्ठीही सोबत न्या. वॉरफेरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा परिणाम टेस्टोस्टेरॉनमुळे वाढतो, त्यामुळे डोस बदलल्यावर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी) एरवीपेक्षा लवकर तपासावा लागतो. रक्त पातळ करणारं कुठलंही औषध चालू असेल तर सुई टोचण्याआधी नर्सला सांगा. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडची गोळी घेणाऱ्यांची साखर उतरू शकते, तेव्हा पहिले काही आठवडे ग्लुकोमीटर हाताशी हवा. एकाच आठवड्यात दोन औषधं बदलू नका, नाहीतर त्रास कशाचा ते ओळखता येत नाही. मूल हवं असेल तर हे सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टरांशी तेच बोला, कारण या उपचाराने शुक्राणू घटतात.

आता कॅलेंडर. गोव्यात गणेश चतुर्थीला पणजी-मडगावची बिऱ्हाडं बंद करून मंडळी मूळ घरी जातात, आणि जेलची पाकिटं हटकून कपाटातच राहतात. त्या घरात पुतणे-भाचे अंगाखांद्यावर खेळत असतात; जेल त्यांच्या कातडीला लागलं तर लहान वयातच शरीरात नको ते बदल सुरू होऊ शकतात. लावून झालं की साबणाने हात धुवा, जेल सुकल्यावरच सदरा चढवा, मुलांना उचलण्याआधी ती जागा धुऊन घ्या. पोहण्याआधी किती वेळ थांबायचं ते उत्पादनाप्रमाणे बदलतं, पत्रक वाचा. जेल एक दिवस चुकलं तर दुसऱ्या दिवशी दुप्पट लावू नका. इंजेक्शन सणात येत असेल तर ते आधी घ्यायचं की नंतर हे डॉक्टरांकडून ठरवून घ्या, आणि पुढची मोजणी नव्या तारखेपासून करा.

चिठ्ठीशिवाय औषध मिळत नाही आणि गावातल्या फार्मसीत ते बहुधा नसतंच, म्हणून पंधरा दिवस आधी सांगून ठेवा. अँप्यूल (इंजेक्शनची काचेची कुपी) फ्रिजमध्ये नको, तेल घट्ट होतं. स्कूटरच्या डिकीत तर अजिबात नको. अनडेकॅनोएट घ्यायला बांबोळीच्या सरकारी इस्पितळात गेलात तर लगेच परतीची बस धरायचा बेत आखू नका. हे इंजेक्शन सावकाश, सुमारे दोन मिनिटं देतात. क्वचित तेल फुप्फुसात जाऊन खोकला येतो, धाप लागते, म्हणून नंतर अर्धा तास तिथेच बसावं लागतं.