शेतात जोडीनं राबताना बायकोचं कौतुक कसं करायचं

नोकरीवाल्यांनी येताना गजरा आणावा, गुलाब आणावा, आपलं तसं नाय. आपण सकाळपासून एकाच बांधावर असतो आणि गुलाब दिलाच तर पहिला प्रश्न येणार, केवढ्याला आणला. म्हणून शेतातल्या माणसानं कौतुक कसं करावं ते सांगतो, पटतंय का बघा.

नुसतं "छान केलंस" म्हणू नका, काम बघून बोला. कांदा लागणच घ्या. १५ बाय १० सेंटीमीटरवर लावायचं म्हटलं तर एकराला अडीच लाखाच्या वर रोपं लागतात, आणि ती सगळी चिखलात वाकून एकेक करून बोटानं दाबायची असतात. आपण वाफ्यांना पाण्याचं बारं देत फिरतो, कंबर तिची जाते. पंधरा दिवसांनी वाफ्यात फिरताना "तुझ्या वाफ्यात नांग्या भरायची वेळच आली नाय बघ" एवढं म्हणा (नांग्या म्हणजे रोप मेल्यानं पडलेल्या रिकाम्या जागा), तिला बरोबर कळतं तुम्ही नीट बघितलंय ते.

पाव्हणे आले आणि त्यांनी विचारलं वहिनी काय करतात, तर "काय नाय, घरीच असते" हे वाक्य तोंडातून काढायचं नाय. सकाळी गोठा, दिवसभर रान, संध्याकाळी परत गोठा, आणि म्हणे घरीच असते! व्यापारी माल बघून "एक नंबर माल आहे मालक" म्हणाला की तिथंच सांगा, प्रतवारी हिनं केलीय. ती शेजारी उभी असताना सांगा, घरी गेल्यावर गुपचूप नको.

विचारत जा, आणि ठरवायच्या आधी विचारा. कांदा आत्ता विकून टाकायचा का चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, ठेवायचा हे बरेच जण चहाच्या टपरीवर ठरवतात, पण चाळीतला सडका कांदा निवडायला कोण बसतं? मग अजून किती टिकेल हे जास्त कुणाला कळणार. पैसे येऊन गेल्यावर विचारलं तर त्याला विचारणं म्हणत नाहीत.

छोट्या गोष्टीत एक सांगतो. बहुतेक बायका साडीवर नवऱ्याचा जुना फाटका शर्ट घालून शेतात येतात. बाजारात जाल तेव्हा तिच्या मापाचा नवा, सुती, फुल बाहीचा शर्ट घेऊन या. खुरप्याला आदल्या रात्रीच धार लावून ठेवा. आणि लागणीच्या, काढणीच्या दिवसात घरी आल्यावर मोबाईल घेऊन पडू नका, दोघं सारखेच दमलेले असताना एकानंच गॅससमोर उभं राहायचं हे काय बरोबर नाय, खिचडी तर कुणालाही येते.

आता खरा मुद्दा, पैसा आणि कागद. दुधाचं बिल तिच्या खात्यावर जमा करा, गोठा तीच बघते ना. आणि सातबाऱ्यावर तिचं नाव लावा. १९८६ ला चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन झालं, पुढं शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची हाक दिली आणि गावोगावच्या नवऱ्यांनी बायकांच्या नावावर जमीन केली. सरकारनंही १९९२ मध्ये लक्ष्मीमुक्ती योजना काढली, नवऱ्यानं स्वतःहून अर्ज केला की बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. तलाठ्याकडं जाऊन कागदपत्रं कुठली लागतात ते विचारा. भाऊबंद बोलतील, "आत्तापासूनच कशाला?" बोलू द्या, रोज वाकते ती, ते नाय.

वहिन्यांनाही सांगतो, एकतर्फी नको. शेतातल्या मोटारीला रात्रीची लाईट असली की माणूस थंडीत बॅटरी घेऊन मोटार चालू करायला जातो, अंधारात साप-विंचवाचं भ्या वेगळंच. असा माणूस पहाटे येऊन आडवा झाला तर त्याला झोपू द्या, धारा तेवढ्या उरकून घ्या. सासूबाईंनी "अजून उठला नाय का हा?" म्हणून आवाज दिला तर तुम्हीच आतून सांगा, रात्रभर पाणी भरलंय त्यांनी, सगळं रान भिजलंय.