कुत्र्या-मांजराचा डॉक्टर कसा निवडावा आणि औषधपाण्याचा खर्च कसा बसवावा

मी साताऱ्यात एका पतसंस्थेत काम करते. कर्जाच्या अर्जात 'कारण' अशी एक ओळ असते. लोक तिथे लग्न, शिक्षण, घरदुरुस्ती, दवाखाना असं काय काय लिहितात. दवाखाना लिहिणाऱ्यांतल्या काहींचा पेशंट कुत्रा नाहीतर मांजर असतो, हे बोलता बोलता कळतं. ते सांगताना माणसं आवाज खाली आणतात. मला याचं फार वाईट वाटतं. घरातल्या मुक्या जीवासाठी पैसे लागतात आणि आपल्याकडे ते मोजकेच आहेत, एवढं डॉक्टरांपुढे उघडपणे बोलता आलं तर बरीच वाट मोकळी होते. माझ्याकडे वाघ्या हा गावठी कुत्रा आहे आणि चिंगी नावाची मांजर. दोघांचं सगळं पगारातूनच चालतं. त्यातून जे जमलं ते सांगते.

डॉक्टर आधी ठरवा

जनावर ठणठणीत असताना डॉक्टर शोधायचा. जंताचं औषध किंवा लस हे पहिल्या भेटीला उत्तम निमित्त. आजारी जिवाला घेऊन धावताना जे दार उघडं दिसेल तिथे शिरावं लागतं आणि मग पारख करायला वेळ राहत नाही.

पहिलं बघायचं ते पदवी आणि नोंदणी. पशुवैद्यकाची पदवी बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच., साडेपाच वर्षांची, आणि नोंदणी महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेची. प्रमाणपत्र सहसा भिंतीवर लावलेलं असतं. नसेल तर विचारावं, त्यात अपमान काही नाही. गावाकडे इंजेक्शन देणाऱ्या सगळ्यांनाच आपण डॉक्टर म्हणतो, पण सरकारी दवाखान्यांतही फरक आहे. श्रेणी-१ च्या दवाखान्यात पशुधन विकास अधिकारी, म्हणजे पदवीधर पशुवैद्यक असतात. श्रेणी-२ मध्ये बहुधा पदविका घेतलेले पशुधन पर्यवेक्षक असतात. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, वाड्यावस्त्यांवरच्या गाई-म्हशी त्यांच्या भरवशावर जगतात. पण मांजरीला भूल देऊन पोट उघडणं हे त्यांचं काम नव्हे.

दुसरी गोष्ट हाताची सवय. आपल्या जिल्ह्यात सरकारी डॉक्टरांचा दिवस गाई-म्हशी आणि शेळ्यांत जातो. म्हणून मी सरळ विचारते, "डॉक्टर, तुमच्याकडे कुत्री-मांजरं रोज येतात का?" मांजर असेल तर हा प्रश्न विचाराच. मांजर दुखणं लपवते आणि बारीकसं अंग असल्यामुळे औषधाची मात्रा थोडी जरी चुकली तरी तिला महागात पडते.

पहिल्या भेटीत माझं लक्ष डॉक्टरांच्या हातांकडे असतं. आधी वजन केलं का? औषधाची मात्रा वजनावरच ठरते, नुसत्या नजरेच्या अंदाजावर नाही. ताप थर्मामीटर लावून बघितला का? कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं. म्हणजे आपल्या हाताला ते नेहमीच गरम लागणार. ओठ वर करून हिरड्यांचा रंग पाहिला का? लस फ्रीजमधून काढली का, आणि बाटलीवरचं लेबल आपल्या कार्डावर चिकटवून तारीख-सही केली का? लस 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये राहिली नाही तर टोचूनही उपयोग नसतो. दिलेल्या इंजेक्शनचं नाव कागदावर लिहून देणारा डॉक्टर मला जवळचा वाटतो. उद्या रात्री दुसऱ्याकडे जावं लागलं तर तो कागदच आपल्या वतीने बोलतो.

चकाचक काच आणि एसी यांना मी फारसं महत्त्व देत नाही. टेबल पुसलं जातं का आणि दर पेशंटला नवी सुई घेतात का, एवढं मात्र बघते.

पैशाचं बोलणं

मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते हेच. तपासणी झाली की मी विचारते, "डॉक्टर, आज माझ्याकडे दोन हजार आहेत. यातलं आज झालंच पाहिजे असं काय, आणि चार दिवस थांबलं तर चालेल असं काय?" चांगला डॉक्टर यावर चिडत नाही. उलट त्याला बरं वाटतं, कारण परवडत नाही म्हणून न सांगता उपचार अर्धवट सोडणारी माणसं त्याने भरपूर पाहिलेली असतात. तो लगेच मांडणी बदलतो. आज सलाईन आणि उलटी थांबवायचं इंजेक्शन, उद्या बघू, सुधारणा नसेल तर एक्स-रे.

दुसरा प्रश्न तपासण्यांबद्दलचा. "या रिपोर्टमध्ये काहीही आलं तरी औषध तेच राहणार आहे का?" उत्तर हो असेल तर ती तपासणी तूर्त टाळता येईल का, हे विचारायला हरकत नाही. उत्तर नाही असेल तर ती तपासणी करायलाच हवी. तिथे कसर केली तर चुकीच्या औषधावर त्याहून जास्त पैसे जातात.

गोचीड तापाचं उदाहरण घ्या, आपल्याकडे हा फार दिसतो. कुत्रा खात नाही, मलूल पडतो, ताप येतो, कधी नाकातून रक्त येतं. गोचिडांमधून एर्लिचिया किंवा बाबेसियासारखे जंतू रक्तात जातात. जंतू नेमका ओळखणारी महागडी पीसीआर तपासणी असते, पण पुष्कळदा साध्या रक्ततपासणीत प्लेटलेट कमी झालेले दिसतात आणि काचपट्टीवरच्या रक्ताच्या थेंबात बाबेसिया सापडू शकतो. सुरुवात तिथून करता येते का, हे विचारावं. एर्लिचियावरचं डॉक्सिसायक्लिन हे जुनं, स्वस्त औषध आहे. त्याचा कोर्स साधारण 28 दिवसांचा. आठवड्याभरात कुत्रा शेपटी हलवायला लागतो आणि लोक गोळ्या बंद करतात. असं करू नका. आजार उलटला की खर्चाचा आकडा पहिल्यापेक्षा मोठा असतो. बाबेसियाचं औषध वेगळं, म्हणून कोणता जंतू आहे ते कळणं गरजेचं.

ऑपरेशन असेल तर अंदाजपत्रक कागदावर मागा. भूल, सलाईन, ऑपरेशनआधीची रक्ततपासणी, नंतरची इंजेक्शनं, गळ्यातली कॉलर, टाके काढायची भेट, यातलं काय धरलंय आणि काय नाही, हे एकेक करून विचारा. भूल दिल्यावर श्वासाकडे आणि हृदयाच्या ठोक्यांकडे कोण लक्ष ठेवणार, हेही विचारा. दोन दवाखान्यांच्या आकड्यांत मोठा फरक असतो तेव्हा त्याचं कारण बहुतेक या यादीतच सापडतं.

फीमध्ये मात्र मी घासाघीस करत नाही. उपचार टप्प्याटप्प्याने घ्यावेत, पैसे हप्त्याने देऊ का विचारावं, पण डॉक्टरांच्या कामाचं मोल पाडू नये.

औषधं

चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून द्यायची विनंती करा. डॉक्सिसायक्लिनसारखी बरीच औषधं माणसांचीच असतात. डॉक्टरांनी मात्रा लिहून दिली असेल तर जनऔषधी केंद्रात ती पुष्कळ कमी किमतीत मिळतात.

पण घरच्या डब्यातलं औषध स्वतःच्या मनाने देऊ नका, हे हात जोडून सांगते. मांजरीला पॅरासिटामॉलची एक गोळीही जीवघेणी ठरू शकते. आयबुप्रोफेन कुत्र्याला आणि मांजरीलाही घातक. कुत्र्याच्या मानेवर लावायच्या गोचीडनाशकात परमेथ्रिन असेल तर ते मांजरीला विषारी असतं. दोघं एकाच घरात असतील तर पाकिटावरचं नाव वाचूनच घ्या.

जे आधी केलं की नंतरचं टळतं

पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांपासून लसी सुरू होतात आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांचं होईपर्यंत चालतात. रेबीजची लस तीन महिन्यांची झाल्यावर, मग दरवर्षी. पार्वो, म्हणजे रक्ती जुलाब-उलट्यांचा जीवघेणा आजार, झालेल्या पिल्लाला दिवसेंदिवस सलाईनवर ठेवायचा खर्च आणि लसीचा खर्च यांची तुलनाच होत नाही, आणि सलाईन लावूनही पिल्लू वाचेलच असं नाही. 6 जुलै हा जागतिक प्राणिजन्य रोग दिन आणि 28 सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन. या दोन तारखांच्या आसपास बऱ्याच सरकारी दवाखान्यांत रेबीजची लस मोफत देतात. आठवडाभर आधी फोन करून विचारून ठेवावं.

कुत्री असेल आणि पिल्लं नको असतील तर नसबंदी वेळेत करून घ्या. नसबंदी न केलेल्या कुत्रीच्या गर्भाशयात उतारवयात पू होऊ शकतो. मग तेच गर्भाशय काढायचं ऑपरेशन तातडीने, आजारी अंगावर आणि कितीतरी जास्त पैशांत करावं लागतं. गल्लीतल्या भटक्या कुत्र्यांची नसबंदी ही मात्र नगरपालिकेची जबाबदारी आहे, 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत तसं स्पष्ट आहे. तिचा पाठपुरावा अर्ज देऊन करावा, खिशातून पैसे घालण्याआधी.

मोठ्या तपासणीसाठी

साताऱ्यातून पुण्याकडे जाताना खंबाटकीचा बोगदा ओलांडला की पुढे शिरवळ. तिथे 1988 साली सुरू झालेलं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयांच्या रुग्णालयात एकाच छताखाली प्राध्यापक बघतात, विद्यार्थीही बघतात आणि शुल्क सहसा खासगीपेक्षा कमी असतं. वेळ मात्र जातो. सकाळी लवकर पोचावं, पाणी आणि तोंडाला बांधायची जाळी सोबत घ्यावी, आधीचे सगळे कागद न्यावेत. मुंबईकरांना परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय माहीत असतंच. नागपूर, परभणी आणि उदगीरलाही पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत.

पैसे बाजूला कसे ठेवावेत

माझा उपाय आवर्ती ठेवीचा. महिना पाचशे रुपये, वाघ्या-चिंगीच्या नावाने. वर्षाला सहा हजार आणि वर व्याज. लसी, जंताचं औषध आणि गोचिडांची गोळी मी महिन्याच्या घरखर्चातून करते. ठेवीला हात लावायचा तो फक्त आजारपणात. ठेव मोडली तर व्याज थोडं कमी मिळतं, पण मुद्दल हाताशी असते.

कुत्र्यांचा विमा आता मिळतो. घेण्याआधी चार गोष्टी वाचा: किती वयापर्यंत घेता येतो, पहिले किती दिवस दावा करता येत नाही, आधीपासूनचे आजार वगळलेत का, आणि लसीकरणाचं कार्ड मागतात का. लसी आणि नसबंदी बहुतेक पॉलिसींत बसत नाहीत. दांडग्या जातीचा, वयाने लहान कुत्रा असेल तर विचार करावा. वाघ्यासारख्याला मला ठेवच बरी वाटली.

रात्रीची सोय

रात्री फोन उचलणारा डॉक्टर कोण, जास्तीची फी किती आणि तो नसला तर कुठे जायचं, हे दिवसाउजेडी विचारून फ्रीजच्या दारावर लिहून ठेवा. आमच्याकडे पावसाळ्यात उसाच्या कडेला साप निघतात, म्हणून सर्पदंशाची लस, म्हणजे साप चावल्यावर द्यायचं विषावरचं इंजेक्शन, दवाखान्यात ठेवता का, हेही मी विचारलंय. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांच्या विषावर तीच लस चालते. पण एका बाटलीने भागेलच असं नाही, तेव्हा एका बाटलीची किंमतही विचारून ठेवावी. साप चावला तर पाय आवळून बांधू नका, चीर देऊ नका, कुत्र्याला चालवू नका. उचलून गाडीत घ्या आणि निघताना डॉक्टरांना फोन करा, म्हणजे तुम्ही पोचेपर्यंत लस तयार असेल.