कस्टडीच्या केसमध्ये मुलाला भेटायला जाताना

एमएसडब्ल्यू (सोशल वर्कमधली मास्टर्स) नाहीतर सायकॉलॉजी केलेली आपली गोव्यातली पोरं विचारतात, ताई, अमेरिकेत असतात तसं चाइल्ड कस्टडी इव्हॅल्युएटर (आईबाप वेगळे झाल्यावर मूल कुणाकडे राहावं याची पाहणी करून कोर्टाला रिपोर्ट देणारा माणूस) व्हायला काय करायचं. तिकडे ते पक्कं काम आहे, कोर्ट नेमतं, बहुतेक वेळा पैसे आईबापच भरतात, मग मुलाखती, टेस्ट, घरभेटी आणि शेवटी रिपोर्ट. आपल्याकडे या नावाची पोस्टच नाही. फॅमिली कोर्ट्स ॲक्ट 1984 च्या कलम 6 मध्ये समुपदेशक आहेत आणि कलम 12 खाली कोर्ट डॉक्टरची किंवा वेल्फेअरमधल्या जाणत्या माणसाची मदत घेऊ शकतं, तेवढ्याच फटीतून आपण आत शिरायचं. त्यात गोव्यात हिंदू मॅरेज ॲक्ट लागू नाही, पोर्तुगीज काळातला 1867 चा सिव्हिल कोड आणि 1910 चा घटस्फोटाचा कायदा चालतो, तेव्हा पुण्याच्या मैत्रिणीच्या नोट्स घेऊन कायदा पाठ करायला बसू नका. मानसशास्त्रीय टेस्टिंग करायचं तर नुसत्या एमएवर नको, क्लिनिकलचं ट्रेनिंग आणि आरसीआयचं (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) रजिस्ट्रेशन हवं.

माझा पहिला रिपोर्ट उलटतपासणीत पार फाटला. मी लिहिलं होतं 'वडील रागीट वाटतात'. वकिलाने विचारलं, मॅडम किती वेळ भेटलात? चाळीस मिनिटं. आणि राग कधी दिसला? मला सांगताच येईना, कारण ते मला आईने सांगितलं होतं 😅 तेव्हापासून डायरीत दोन रकाने, पाहिलं आणि ऐकलं. ऐकलेलं असेल तर कुणाकडून तेही.

नंतरची एक केस (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). फोंड्याकडचं गाव, धो धो पाऊस, बापाच्या घरी मुलीची खोली एकदम चकाचक, बाहुलीच्या पाठीवर किमतीचा स्टिकर तसाच. मनात म्हटलं, झालं, सगळा देखावा. पण दम्याचा पंप कुठे आहे विचारल्यावर तो माणूस एका सेकंदात उठला, शाळेच्या बॅगेतला एक आणि उशाशी एक, डोस किती, रात्री कधी खोकते, सगळं तोंडपाठ. मग आईकडे गेले तर सात वर्षांची पोर म्हणते, पप्पा मानसिक छळ करतात. म्हटलं छळ म्हणजे काय गं? तर म्हणाली, "आजयेन सांगलां." म्हणजे आजीने सांगितलं. आता इथे नवखा माणूस लगेच निकाल देऊन मोकळा होतो की पढवलेली आहे, म्हणजे खोटं. असं नसतं हो. पढवलेलं मूल खरंच घाबरलेलंही असू शकतं, म्हणून मी शब्द सोडून दिले आणि विचारलं की पप्पा घरी आले की तू कुठे बसतेस, काय करतेस, आणि शाळेत बाईंशीही बोलले.

मुलाला 'हे आपल्या दोघांतच राहील' असं वचन कधी देऊ नका, ते कोर्टात जाणार असतं. लैंगिक अत्याचाराचं काही कानावर आलं तर पॉक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) कलम 19 प्रमाणे कळवावंच लागतं, रिपोर्ट लिहून व्हायची वाट बघत बसायचं नाही. आणि ज्या मुलाचं काउन्सेलिंग करताय त्याच्याच केसमध्ये इव्हॅल्युएशन घेऊ नका, फी कितीही मिळो.

घरभेट शक्यतो शाळेच्या दिवशी, शाळा सुटायच्या वेळेला. रविवारी सगळीच घरं छान असतात.

आणि हो, गोव्यात पगार, फ्लॅट यावर तडजोड होते पण चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, पोर कुणाकडे यावर मोडते. याही केसमध्ये तेच. दोन्ही वकील दीड दिवस की पाच दिवस करत बसलेले. मुलीला विचारलं तर तिला माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट) बांधायला पप्पांकडे जायचं होतं आणि नेवऱ्या (करंज्या) मात्र आईच्याच हव्या होत्या. मी ते तिच्याच शब्दांत रिपोर्टात उतरवलं, खाली माझं काही जोडलं नाही.